जळगावचे भरीत : कपाशीच्या आगीवरचा अभिमान

जळगावच्या माणसाशी बोलताना एक गंमत लक्षात येते. सोन्याचा विषय काढा, तो तिथल्या सराफ बाजाराच्या चोख व्यवहाराबद्दल शांतपणे सांगेल. केळ्यांचा विषय काढा, तो भावाची आणि पाण्याची चिंता बोलून दाखवील. पण वांग्याच्या भरिताचा विषय निघाला की त्याचा आवाज एकदम चढतो. तुम्ही घरी काय करता, कसे करता हे तो आधी विचारतो, आणि तुमचे उत्तर पुरे होण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो, "ते भरीत नव्हे, ती वांग्याची भाजी."

आपल्याकडे गोव्यात असा आवाज माशाच्या हुमणावरून चढतो, शिताकडीवरून चढतो. एखाद्या साध्या वांग्यासाठी कोणी भांडेल असे मला वाटले नव्हते. पण एका डिसेंबरात त्या बाजूला जाणे झाले, बाजारात पांढुरक्या हिरव्या, लहान भोपळ्याएवढ्या वांग्यांचे ढीग पाहिले, संध्याकाळी शहराच्या कडेला धुराचे लोट पाहिले आणि पत्रावळीवर वाढलेले ते भरीत खाल्ले. तेव्हापासून मी या पदार्थाच्या मागे लागलो आहे. जेवढे वाचले, विचारले, त्यातून एक गोष्ट पटत गेली. या भरिताचा इतिहास स्वयंपाकघरापेक्षा शेतात, बाजारात आणि रेल्वेच्या रुळांवर जास्त सापडतो. म्हणून हा लेख पाककृतीचा नाही.

आधी वांग्याकडे पाहू. जळगावचे भरिताचे वांगे जांभळे नसते. फिकट हिरव्या रंगाचे, त्यावर पांढरट रेघा, साल पातळ, बी कमी आणि गर भरपूर. एकेक वांगे अर्ध्या किलोच्या आसपास सहज भरते. जळगावजवळचे आसोदे, भादली आणि यावल तालुक्यातले बामणोद ही या वांग्याची नावाजलेली गावे. आंब्याच्या बाबतीत आपण मालकीण आणि गाव दोन्ही विचारतो ना, तसे तिथे वांगे घेताना गाव विचारतात. 'बामणोदचं आहे' एवढे सांगितले की दुकानदाराला आणखी काही सांगावे लागत नाही. मोसम दिवाळीनंतरचा. थंडी वाढू लागली की वांग्याला चव चढते आणि फेब्रुवारी सरता सरता ती उतरू लागते.

हे वांगे भाजायचे ते कपाशीच्या काड्यांवर. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहिलेली वाळकी झाडे उपटतात, त्यांच्या मोळ्या बांधतात आणि बांधावर किंवा घरामागे रचून ठेवतात. वऱ्हाडात त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. या काड्या बारीक असतात, चटकन पेटतात आणि मोठ्या ज्वाळेने जळतात. लाकडाच्या निखाऱ्यावर वांगे सावकाश शिजते, पण साल नीट करपत नाही. गॅसच्या शेगडीवर एक बाजू जळते आणि दुसरी कच्ची राहते. काड्यांच्या आगीत मात्र वांगी रांगेने लावता येतात, ज्वाळा चहूकडून लपेटते, पातळ साल काही मिनिटांत काळी होते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. देठाजवळून रस सुटू लागला आणि वांगे अंगातला ताठा सोडून खाली बसले की झाले. मग हात पाण्यात बुडवून गरम वांग्याची साल काढायची. वांगे मात्र पाण्याखाली धरायचे नाही, कारण धुराचा वास वाहून गेला तर एवढा खटाटोप कशासाठी केला? देठ धरून गर लाकडी भांड्यात घ्यायचा आणि ठेचायचा. नंतर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेल. हळद नाही, टोमॅटो नाही. जोडीला ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, नाहीतर कळण्याच्या पुऱ्या.

आता प्रश्न असा, की एवढ्या काड्या आल्या कुठून? हा प्रश्न विचारला की भरिताचा इतिहास उलगडू लागतो.

खानदेश इंग्रजांच्या हाती आला १८१८ साली, पेशवाई बुडाल्यावर. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन कापसाला चांगली हे इथल्या शेतकऱ्याला आधीपासून माहीत होते, पण माल बाहेर न्यायचा तर बैलगाड्या आणि घाट. चित्र बदलले ते १८६० च्या दशकात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जळगाव-भुसावळपर्यंत आला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि जळगाव नावाचे साधे गाव कापसाची पेठ बनले. सरकी काढणारे जिन आले, गठ्ठे बांधणारे प्रेस आले, पाठोपाठ सूत-कापडाची गिरणी आली. मुळजी जेठा हे कापडव्यापारातले नाव जळगावात आज कॉलेजमुळे ठाऊक असते, पण ते शहराशी जोडले गेले ते कापसामुळे. १९०६ मध्ये मोठ्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण ठरले. १९६० मध्ये जिल्ह्यालाच जळगाव हे नाव मिळाले.

कापूस मुंबईला आणि मँचेस्टरला गेला. सरकी तेलघाण्यात आणि गुरांच्या पुढ्यात गेली. पैसा व्यापाऱ्याकडे आणि सावकाराकडे गेला. शेतकऱ्याच्या हाती कोणालाच नको असलेली एक गोष्ट फुकट उरली, ती म्हणजे काड्या. जंगल दूर, लाकूड महाग, आणि बांधावर काड्यांचे डोंगर. त्या काड्यांनी वर्षभर चुली पेटवल्या आणि हिवाळ्यात वांगी भाजली. म्हणजे ज्या भरिताला आपण अस्सल गावरान, अनादि काळापासूनचे म्हणतो, त्याचे आजचे रूप बऱ्याच अंशी जागतिक बाजाराच्या उष्ट्यावर वाढलेले आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. उष्ट्याचे सोने करणे हीच तर गरिबाच्या स्वयंपाकाची करामत.

जगात इतरत्रही हेच दिसते. अमेरिकेत बार्बेक्यूवरून शहरे भांडतात. मेम्फिसचे वेगळे, टेक्सासचे वेगळे, कॅन्सस सिटीचे वेगळे, आणि प्रत्येकाचा दावा खरे बार्बेक्यू आपलेच असा. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, लाकडी माचणावर मांस भाजण्याच्या पद्धतीवरून आलेला. स्पॅनिशांनी तो 'बारबाकोआ' म्हणून उचलला. कॅन्सस सिटीची कथा जळगावच्या कथेशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तिथे १८७१ मध्ये गुरांचा प्रचंड बाजार सुरू झाला, रेल्वेने गुरे येत, कत्तलखान्यांत मांस तयार होई आणि चांगले तुकडे बाहेरगावी जात. बरगड्या, छातीचे चिवट मांस असे स्वस्त तुकडे मागे उरत. १९०८ च्या सुमारास हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय आचाऱ्याने असे मांस हिकरी आणि ओकच्या लाकडावर भाजून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकायला सुरुवात केली. शहराचा आजचा अभिमान त्या कागदातून सुरू झाला. तिथे बाजाराने मांसाचे चिवट तुकडे मागे ठेवले, जळगावात इंधन मागे ठेवले. दोन्हीकडे रेल्वे होती, मोठा बाजार होता आणि त्या बाजारात हातावर पोट असलेली माणसे होती.

"पण ते मांस, हे वांगे, तुलना कसली?" असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच भाषेत आहे. अमरकोशात सळईवर भाजलेल्या मांसासाठी 'भटित्र' असा शब्द दिलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या पानातले पदार्थ तपशीलवार आले आहेत आणि त्यांत सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला 'भडित्रक' म्हटले आहे. भटित्र, भडित्र, भरीत. माझा तर्क असा, की आपला मराठी शब्द याच घरातला असावा. ट चा ड आणि ड चा र होणे मराठीला नवे नाही. तसे असेल तर राजाच्या सळईवरचे मांस शतकांच्या प्रवासात कुणब्याच्या वांग्यापर्यंत आले आणि नाव तेवढे टिकून राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

गोव्याच्या वाचकाला यात आणखी एक धागा सापडेल. आपले कदंब राजे याच कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. दुसऱ्या जयकेशीची राणी मैलळदेवी ही विक्रमादित्य सहावा याची मुलगी, म्हणजे मानसोल्लासकार सोमेश्वराची बहीण. गोपकपट्टणच्या राजवाड्यात माहेरच्या भडित्रकाची आठवण निघत असेल का, ही कल्पना केवळ माझी. पण नाते मात्र इतिहासातले.

दुसरा धागा अधिक ठसठशीत आहे. वांगे आपल्या देशाचे, वार्ताक आणि वृन्ताक या नावांनी संस्कृतात वावरलेले. पण भरितातली हिरवी मिरची अमेरिकेची. शेंगदाणाही अमेरिकेचाच. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली आणि मुंबई भागात तिला पुढे 'गोवाई मिरची' असेही म्हणत. म्हणजे जळगावकर ज्या तिखटावर मान ताठ करतो, ते कधीतरी आपल्या बंदरातून वर चढले आहे. 'आमचेच तेवढे अस्सल' म्हणणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ताटातला एकेक जिन्नस उचलून त्याचे गाव विचारावे. अभिमान उतरत नाही, पण थोडा शहाणा होतो.

भरिताला पंचांगाचाही आधार आहे. चातुर्मासात वांगे वर्ज्य, हे आपल्याकडेही पाळतात. खंडोबाचे कुळाचार असलेल्या घरांत ही बंदी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, म्हणजे चंपाषष्ठीपर्यंत लांबते. त्या दिवशी देवाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात आणि मग घरात वांगे शिजते. म्हणून चंपाषष्ठीला लोक 'वांगेसट' म्हणतात. ही प्रथा खानदेशापुरती नाही, सगळ्या खंडोबाच्या मुलखाची आहे. पण तिच्यातला शेतीचा हिशेब पाहा. पावसाळ्यात वांग्याला कीड फार. चांगले वांगे थंडीतले. धर्माने चार महिने थांबायला सांगितले आणि निसर्गाने त्या थांबण्याचे फळ दिले. शिवाय तोपर्यंत कापसाच्या वेचण्या सुरू झालेल्या, हाती थोडा पैसा आलेला, रात्री गार झालेल्या. अशा वेळी शेतात आग पेटवून माणसे जमली नाहीत तरच नवल.

या जमण्याला तिकडे 'भरीत पार्टी' असे नाव आहे. पार्टी हा इंग्रजी शब्द, पण प्रकार अगदी देशी. कोणाच्या तरी मळ्यात पाच-पंचवीस माणसे, दोनचार मोळ्या काड्या, पोतेभर वांगी. घरात चुलीपाशी न फिरकणारे पुरुष इथे बाह्या सारून वांगी परततात, साल काढतात आणि मिरच्या किती घालायच्या यावर वाद घालतात. अमेरिकेतल्या बार्बेक्यूबद्दलही असेच म्हणतात, की उघड्यावरची आग दिसली की पुरुषाला स्वयंपाक येऊ लागतो. भाकऱ्या आणि पुऱ्या मात्र बहुतेक वेळा घरून, बायकांच्या हातच्याच येतात, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. शहराच्या अभिमानाच्या गोष्टीत भाकरीचे नाव मागे पडते.

भरिताची ओळख लेवा पाटील समाजाशी विशेष घट्ट जोडलेली आहे. रावेर, यावल, भुसावळ, जळगाव हा त्यांचा मुख्य मुलूख. वरण-बट्टी आणि भरीत-पुरी या त्यांच्या पंगतीच्या खुणा. याच समाजातल्या, आसोद्याच्या महाजनांच्या घरात १८८० मध्ये बहिणाबाई जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांकडे आल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई शेतात आणि जात्यावर ओव्या रचत होती. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर मुलगा सोपानदेव चौधरी यांनी टिपून ठेवलेल्या कविता आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि महाराष्ट्र थक्क झाला. ज्या गावाचे वांगे नावाजलेले त्याच गावची ही कवयित्री. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडेही याच मातीतले. ते काही वर्षे आपल्या गोवा विद्यापीठात शिकवत होते, त्यामुळे त्यांचा देशीवाद आपल्याकडे अनेकांनी समोर बसून ऐकलेला आहे. बाहेरून येणारे नाकारायचे नाही, पण ते आपल्या मातीत रुजवून आपल्या अटींवर घ्यायचे, असा मी त्याचा अर्थ लावतो. अमेरिकेची मिरची, इंग्रजांच्या कापसाच्या काड्या आणि बामणोदचे वांगे मिळून झालेले भरीत हे मला त्याचे ताटात वाढलेले उदाहरण वाटते.

त्याच यावल तालुक्यात फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींच्या आग्रहाने मंडप आणि कमानी गावच्याच साहित्याच्या, बांबू वगैरेंच्या उभारल्या आणि ती सजावट नंदलाल बोस यांच्या कल्पनेतली. गावात जे आहे त्यातूनच मोठे काम उभे करायचे, हा धडा देशाला त्या मुलखात गिरवायला मिळाला. महिना ऐन वांग्यांचा होता, हा योगायोग मला उगीचच सूचक वाटतो.

आगीचा आणि ओळखीचा संबंध नेहमी बाजारातूनच जातो असे नाही. काळ्या जमिनीचा आणि कापसाचा पट्टा खानदेशातून वऱ्हाडात आणि तिथून पैनगंगा ओलांडून तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात उतरतो. निजामाच्या काळात हा मुलूख आणि आजच्या महाराष्ट्रातले राजुरा व किनवट हे भाग एकाच जिल्ह्यात होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत राजुरा आणि किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. आदिलाबादच्या बाजारात आजही मराठी कानावर पडते. या जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर म्हणून गाव आहे. तिथे पौष अमावस्येला मेस्राम कुळाच्या गोंडांची नागोबाची जत्रा भरते. कुळातली माणसे अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. हजारो माणसे जमतात, पण कुळाचा स्वयंपाक होतो तो ठरलेल्या बावीस चुलींवरच. माणसे वाढली म्हणून चूल वाढत नाही, पाळीपाळीने सगळे शिजवतात. १९४० मध्ये कुमरम भीम जोडेघाटला मारला गेल्यावर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला पाठवले. त्याच्या प्रयत्नाने या जत्रेत गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला. देवनागरीतली गोंडी वाचनपुस्तकेही त्याच्याच शिक्षणयोजनेतली. या बावीस चुली कोणी विकत नाही, त्यांची कोणी जाहिरात करत नाही. तरी मेस्राम कोण हे त्या चुलींवरून कळते. जळगावच्या भरिताच्या शेजारी ही गोष्ट ठेवली की कळते, अभिमान दोन प्रकारचा असतो. एक आपल्या माणसांत बसून जपायचा आणि एक परक्याला बोलावून दाखवायचा. शहरांचा अभिमान बहुधा दुसऱ्या प्रकारचा, आणि त्यातच त्याचा धोका आहे.

धोका कसा ते सांगतो. ऑक्टोबर २००९ मध्ये बीटी वांग्याला केंद्रीय समितीने लागवडीची मंजुरी दिली. बियाणे तयार करणारी महिको कंपनी आपल्या महाराष्ट्रातल्या जालन्याची. बीटी कापूस तर २००२ मध्येच आला होता. म्हणजे भरिताच्या आगीतले इंधन आधीच बदलले होते, आता वांगेही बदलणार होते. देशभर गदारोळ झाला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला झाली. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. त्या वादात विज्ञान किती आणि भीती किती हे मोजणे सोपे नाही. कीड खरी आहे, फवारण्यांचा खर्च खरा आहे आणि तो शेतकऱ्याच्याच माथी बसतो. पण एक गोष्ट त्या निमित्ताने सगळ्यांना उमगली. या देशात गावागावाचे वांगे वेगळे आहे आणि ते वेगळेपण शेतकऱ्याने घरी धरलेल्या बियाण्यात आहे. उडुपीजवळच्या मट्टूच्या लोकांनी आपल्या 'मट्टू गुळ्ळ' वांग्यासाठी तेव्हा आवाज उठवला आणि २०११ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला ते २०१६ मध्ये मिळाले, जळगावच्या केळ्यालाही त्याच सुमारास.

मानांकनाने नाव राखले जाते, चव राखली जाईलच असे नाही. मी सरकारी कार्यालयात कागदांच्या संगतीत आयुष्य काढतो आहे, त्यामुळे प्रमाणपत्र म्हणजे काय हे मला जरा जास्तच ठाऊक आहे. शिक्का बसतो तो नावावर. त्या नावामागचा माणूस पुढच्या हंगामात तेच बियाणे पेरील की नाही, हे ठरते त्याला मिळणाऱ्या भावावर. डिसेंबर २०१८ मध्ये जळगावात शेफ विष्णू मनोहर यांनी एकाच कढईत सुमारे अडीच हजार किलो भरीत करून विक्रम केला. शहर लोटले, छायाचित्रे झळकली. असा उत्सव हवाच, त्याने पोरांना आपल्या पदार्थाची ओढ लागते. पण उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी वांगी मंडईत कोणत्या भावाने गेली, हा प्रश्न बातमीत येत नाही.

काड्यांचेही तसेच. बोंडअळीचा फैलाव थांबावा म्हणून हंगाम संपताच कपाशीची झाडे शेतात उभी ठेवू नका, काड्या रचून ठेवू नका, यंत्राने कुट्टी करून जमिनीत गाडा, असा सल्ला कृषी खाते देते. सल्ला योग्य आहे. घरोघर गॅस आला आणि बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला, तेही योग्यच झाले. धुरात खोकणाऱ्या आईची चूल परत यावी असे कोण म्हणेल? तेव्हा काड्यांची आग रोजच्या जेवणातून जाणार आणि सणापुरती, पार्टीपुरती, विक्रीपुरती उरणार, हे उघड आहे. जळगावात हंगामात ठिकठिकाणी तयार भरीत विकतात, लोक डबे घेऊन जातात, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवतात. परंपरा अशी घरातून दुकानात जाते तेव्हा आपण हळहळतो. पण कॅन्सस सिटीचे बार्बेक्यू दुकानातच जन्मले आणि दुकानातच टिकले. दुकान हा परंपरेचा शत्रू नव्हे. काटकसरीसाठी हलके वांगे घेऊन गॅसवर काळे करून नाव मात्र बामणोदचे लावणारे दुकान शत्रू. ते ओळखायला खाणाऱ्याची जीभ शिकलेली लागते. म्हणून तो चढलेला आवाज, ते "हे भरीत नव्हे" म्हणणे मला आता उद्धट वाटत नाही. शहराने स्वतःवर ठेवलेली ती राखण आहे.

आपल्याकडे काय आहे याचा विचार मी मग करू लागलो. आगशीचे वांगे आपले, आणि त्यालाही आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच आगशीचा चोरीस तर घराघरांत ठाऊक. सोडणांच्या इंगळ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि त्याची किसमूर ही आपली आगीवरची चव, आणि तिचे इंधनही फुकटचेच, नारळाचे उरलेले. नारळ बाजाराला गेला, सोडणे घरी राहिली. जळगावच्या काड्यांची आणि आपल्या सोडणांची कथा एकच आहे. फरक इतकाच, की जळगावकराने आपल्या वांग्याचे गाव विचारायचे सोडले नाही. आपण बाजारात मिरची घेताना ती खोल्याची की हरमलची, असे अजून विचारतो. वांगे घेताना किती जण विचारतात?

विचारायला खर्च काही नाही. बाजारात टोपली पुढे करून बसलेल्या बाईला एवढेच म्हणायचे, "बाय, ही वांगी खंयची?" ती उत्तर देते, भाव थोडा चढवून सांगते, आणि आपण तो द्यायचा. गावाचे नाव टिकते ते असल्या चार-दोन जादा रुपयांवर. जळगावच्या धुरातून मी एवढेच शिकून आलो.